गावंडे सरांचं ‘नाही’

गावंडे सरांना चहा पाजायचा तर अंगात चिकाटी हवी. मला ती नव्हती, म्हणून पहिल्याच भेटीत घोटाळा झाला. आम्ही चँडलरला नुकतेच आलो होतो, दोन हजार एकचा उन्हाळा. ॲरिझोनाचं ऊन म्हणजे काय ते कुणी सांगून कळत नाही. भर दुपारी दारावर टकटक झाली. उघडते तर पन्नाशीचे एक गृहस्थ उभे. पूर्ण बाह्यांचा इस्त्रीचा शर्ट, गळ्यापर्यंत बटणं लावलेली, हातात झाकलेला डबा. शेजारच्या अपार्टमेंटमधून आलो म्हणाले, मिसेसनी पाटवडी पाठवली आहे. मी म्हटलं, या, चहा घ्या. ते म्हणाले, नाही नाही, काहून त्रास. माझी खोकी अर्धवट उघडलेली, डोळ्यांवर विमानाची झोप. मी म्हटलं बरं, डबा घेतला आणि दार लावून टाकलं.

संध्याकाळी त्यांच्या मिसेस स्वतः आल्या. निर्मलाताई. हॉस्पिटलात नर्स होत्या, कपड्यांना औषधाचा वास, आणि बोलणं अमरावतीचं, मोकळंढाकळं. हसतच आत आल्या. म्हणाल्या, "अगं, घरी येऊन मला सांगतात, मुलगी चांगली आहे, पण पुरती अमेरिकन झालेली दिसते. एकदाच विचारलं तिनं." मग त्यांनी मला शेजारधर्माचा नियम शिकवला. सरांचं पहिलं नाही धरायचं नाही. दुसरंही धरायचं नाही. तिसऱ्यांदा विचारलं की ते घेतात, आणि मग चांगले दोन कप घेतात. मी कोल्हापूरची. आमच्याकडे पाहुण्याला विचारतच नाहीत, सरळ ताटात पडतं. पण हा नियम मला आवडला आणि मी तो पाळला.

सर अमरावतीच्या एका शाळेत इंग्रजी शिकवत. ताई नर्स म्हणून आधी अमेरिकेत आल्या, सर मागून बायकोच्या ग्रीन कार्डावर. इथे त्यांना कोण शिकवू देणार? ते एका हार्डवेअरच्या दुकानात रंग मिसळून द्यायचे. पण आम्ही सगळे त्यांना सरच म्हणायचो, कारण रविवारी क्लबहाउसमध्ये ते आमच्या कॉम्प्लेक्समधल्या मराठी पोरांना बाराखडी शिकवत. सहा वर्षांच्या कार्ट्यालासुद्धा ‘आपण बसावं’ म्हणायचे. पोरं इंग्रजीत उत्तरं द्यायची आणि टेबलाखालून एकमेकांना लाथा घालायची. सर थांबायचे. पोरांचं संपलं की पुन्हा ‘ग’पासून सुरू. इंग्रजी मात्र असं बोलायचे की ऐकत राहावं. शब्द सुटा, वाक्य पूर्ण, कुठे ‘यू नो’ नाही की ‘लाइक’ नाही. त्यांची मुलगी मीनल इथेच जन्मलेली, तेव्हा बारा-तेरा वर्षांची. ती म्हणायची, बाबा टॉक्स लाइक अ वेडिंग कार्ड.

आणि त्यांचं ड्रायव्हिंग! चारी बाजूंना स्टॉपची पाटी असते ना, आधी आलेल्याने आधी जायचं असा चौक, तिथे सरांची गाडी म्हणजे शिक्षाच. हे आधी आलेले असले तरी डावीकडच्याला हात करणार, जा. मग उजवीकडच्याला, जा. मग समोरच्याला. तोवर डावीकडे नवीन गाडी आलेली. मागचे हॉर्न मारून बेजार. एकदा मी त्यांच्या शेजारी बसले होते. मी म्हटलं, सर, आपली पाळी कधीची आली. ते म्हणाले, आपल्याला काय घाई आहे, त्यांना असेल. मला हसूही आलं आणि रागही आला. त्यांच्याबद्दल मला नेहमी असं दोन्ही व्हायचं.

या स्वभावाने त्यांचं एकदा वाटोळं झालं होतं, पण ते आम्हाला ठाऊक नव्हतं. चँडलरला यायच्या आधी, नव्वदीच्या सुरुवातीला, ते जॉर्जियात एका मोटेलवर मॅनेजर होते. मालक आपल्याच देशातले. त्यांनी कुठूनसे खोल्यांसाठी टीव्ही स्वस्तात आणले आणि उतरवून घेताना सही सरांना करायला लावली. टीव्ही चोरीचे निघाले. मालक हात झटकून मोकळे. तिथल्या वकिलाने सरांना सांगितलं, गुन्हा कबूल करा, एक वर्षाची शिक्षा होईल पण फक्त कागदावर, एक दिवस तुरुंगात जावं लागणार नाही. सरांनी काय करावं? शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये, असं म्हणून कबूल करून टाकलं. कागदावरच्या शिक्षेलासुद्धा शिक्षाच धरतात आणि तेवढ्यावरून माणसाला देशाबाहेर काढता येतं, असा कायदा मागाहून आला, तो त्यांच्या गावीही नव्हता. ताई अमेरिकन सिटिझन झाल्या, सर झाले नाहीत. ग्रीन कार्ड आहे ना, काहून सरकारला त्रास, एवढंच म्हणणं.

दोन हजार दोनमध्ये त्यांची आई गेली. दिवसपाणी करून सर परत आले आणि विमानतळावरच्या कॉम्प्युटरने ते टीव्ही बाहेर काढले. आधी कार्ड ठेवून घेतलं, मग चौकशीला बोलावलं, मग इमिग्रेशनच्या कोठडीत टाकलं. ताई ड्यूटी सांभाळून वकील शोधत फिरत होत्या. एक चांगला मिळाला. म्हणाला, खूप वर्षांपूर्वीचं प्रकरण आहे, बायको-मुलगी अमेरिकन, माफीचा अर्ज करता येतो, मी पुढच्या सोमवारी जाऊन भेटतो. शुक्रवारी सरांचा फोन आला की झालं, आटोपलं, मी जज्जसाहेबांचा निर्णय मान्य केला. ताईंच्या हातातून फोन गळला, तो मी उचलला. पलीकडून सर मला विचारत होते, आपण कशा आहात?

त्यांना डिपोर्ट केलं. अमरावतीला भावाच्या घरी जाऊन राहिले. आणि मग वर्षभरात ताईंच्या किडन्या गेल्या. डायबिटीस आधीपासून होता, स्वतः नर्स असून दुसऱ्यांच्याच सलाइन बघत बसल्या. दिवसाआड डायलिसिस. इन्शुरन्स इथला, डॉक्टर इथले, मीनलची शाळा इथे. ताई भारतात जाऊ शकत नव्हत्या आणि सर इथे येऊ शकत नव्हते. सेंटरवरून परतल्या की त्या पार्किंगमध्ये गाडीतच बसून राहायच्या, जिना चढायची ताकद येईपर्यंत. मी खिडकीतून बघायची आणि खाली जाऊन हात द्यायची. मला सरांचा संताप यायचा. एवढा शिकलेला माणूस, आणि तोंडातून सांगता येऊ नये की मला थोडा वेळ द्या, माझा वकील सोमवारी येतोय?

दोन हजार चारच्या हिवाळ्यात एका सकाळी बघते तर ताईंना जिन्यावरून कुणीतरी हाताला धरून उतरवतंय. शर्टाची बटणं गळ्यापर्यंत. मी धावत खाली गेले. ते म्हणाले, नमस्कार, आलो. जणू भाजी आणायला गेले होते. कसे आले ते त्यांनी कधी धड सांगितलं नाही. मेक्सिकोपर्यंत विमानं बदलत, पुढे चालत, एवढंच. पायात सपाता होत्या, कारण बोटांची नखं काळीनिळी पडून निघाली होती. माझा नवरा संजय घाबरला. म्हणाला, आपण एच-वन व्हिसावर आहोत, तू यात इन्व्हॉल्व्ह होऊ नकोस यार. मी म्हटलं, मी फक्त शेजारीण आहे. मग पहाटे उठून त्यांच्याकडे पोहे देऊन यायची.

चार-पाच महिने सुखाचे गेले, असं म्हणायला हरकत नाही. सर गाडीला हात लावत नसत, लायसन्स नव्हतं. पण एका दुपारी डायलिसिसनंतर ताईंना इतकी चक्कर आली की स्टिअरिंग धरवेना. सरांनी गाडी घेतली. घराजवळच्या त्या चार पाट्यांच्या चौकात ते थांबले. डावीकडच्याला जा म्हटलं. उजवीकडच्याला जा म्हटलं. मागच्या ट्रकवाल्याला वाटलं ही गाडी आता निघाली, आणि त्याने मागून ठोकलं. चूक त्याची, सगळं जग सांगेल. पण पोलीस आला, त्याने लायसन्स मागितलं, आणि सरांनी त्याला लायसन्स तर नाहीच म्हणून सांगितलं, वर सांगितलं की मला दोन वर्षांपूर्वी या देशातून काढलेलं आहे. अहो, त्याने विचारलंसुद्धा नव्हतं! ताई मागे टेकून पडल्या होत्या, त्यांना काही बोलताही आलं नाही.

एकदा काढून दिलेला माणूस परवानगीशिवाय परत आला, तर तो इथे मोठा गुन्हा. जुना गुन्हा नावावर असेल तर शिक्षा आणखी वाढते. कोर्टाने सरांना वकील दिली, कॅरन नावाची, चाळिशीची, फायलींच्या ओझ्याने एक खांदा उतरलेली बाई. तिने आम्हाला बसवून समजावलं. ते आले, हे तर उघड आहे. वाट एकच. पहिल्यांदा काढून दिलं तेव्हाच अन्याय झाला होता, असं दाखवायचं. ते पटलं तर ही केस पडते. नाही पटलं तर अडीच वर्षं. मी ताईंकडे बघितलं. त्या नर्स, स्वतःचे रिपोर्ट त्यांना वाचता येत होते. हृदयही थकत चाललं होतं. अडीच वर्षं त्यांच्याकडे नव्हती. सर सुटून त्यांच्यापर्यंत पोचतात का, एवढाच आता प्रश्न होता. बाकी कायदा वगैरे माझ्या डोक्यावरून गेलं.

त्या जुन्या सुनावणीची टेप होती. ती फिनिक्सच्या कोर्टात लावली त्या दिवशी मी, ताई आणि मीनल मागच्या बाकावर होतो. सर केशरी कपड्यांत, पायात साखळी. आम्हाला बघून उभे राहायला गेले तर शेजारच्या मार्शलने खांद्यावर हात ठेवून बसवलं. टेप सुरू झाली. इमिग्रेशन जज्जचा थकलेला आवाज: वकील शोधायला वेळ हवा आहे का? मग सरांचा आवाज, सुटा, स्वच्छ: नाही, महोदय, मी न्यायालयाचा अधिक वेळ घेऊ इच्छित नाही. तुम्हाला माफीसाठी अर्ज करता येऊ शकेल, करायचा आहे का? नाही, महोदय, आपल्याला त्रास नको. वरच्या कोर्टात अपील करायचं आहे, की हा निर्णय अंतिम मानता? नाही, महोदय, मी तो मान्य करतो, आभारी आहे. जज्ज म्हणाला, नेक्स्ट. संपलं. चहा नको म्हणावा तसं माणसाने आपलं घर नको म्हटलं होतं. सर मान खाली घालून ऐकत होते, विद्यार्थी धडा वाचतोय आणि आपण उच्चार तपासतोय अशा एकाग्रतेने. ताईंनी माझा हात इतका दाबला की बांगडी रुतली.

नंतर मी त्यांना काचेपलीकडून भेटले तेव्हा राहवलं नाही. मी विचारलं, सर, का हो? का म्हणालात नाही?

"मागे रांग होती," ते म्हणाले. "पन्नास-साठ माणसं, सगळ्यांच्या हातापायांत बेड्या. त्यांना बाथरूमलाही जाता येत नव्हतं. मी किती वेळ घ्यायचा? आणि मला वाटलं, हे आपलं आत्ताचं वरवरचं विचारणं आहे. पुन्हा विचारतील. आपल्याकडे कोर्टात पट्टेवालासुद्धा तीनदा पुकारा करतो. हे तर एवढं मोठं सरकार."

"वीस वर्षं इथे राहून तुम्हाला..."

"लोकांच्या घरी एकदाच विचारतात, हे मला माहीत होतं. कोर्टात पण तसंच असेल असं नाही वाटलं."

त्या कोर्टाने म्हणणं फेटाळलं आणि अडीच वर्षांची शिक्षा दिली. अपिलाला मोजकेच दिवस असतात. दुसऱ्या दिवशी कॅरनचा फोन आला, गावंडे अपील नको म्हणतायत, सगळ्यांना बराच त्रास झाला म्हणतायत. ताई डायलिसिसच्या खुर्चीत होत्या, फोन मी धरला होता. ताईंनी मला खुणेने सांगितलं आणि मी कॅरनला म्हटलं, बाई, परत जा, परत विचार, आणि नाही म्हणाले तर परत विचार. कॅरनला वाटलं असावं की आम्ही सगळेच थोडे येडे आहोत. पण गेली बिचारी. संध्याकाळी तिचा फोन, तिसऱ्यांदा विचारल्यावर हो म्हणाले! मग तिने मला ऑफिसात बोलावून बसवलं आणि हे काय प्रकरण आहे ते विचारलं. मी तिला पहिल्या दिवसाच्या चहापासून सगळं सांगितलं. ती लिहीत गेली. म्हणाली, हे मी अपिलात मांडते. तोच मुद्दा उरला आहे. सरांचं नाही म्हणजे विचार करून दिलेला नकार नव्हताच, हे तीन न्यायाधीशांना पटवायचं. मला त्या दिवशी फार आशा वाटली. घरी येऊन मी गोडाचा शिरा केला, असली वेडी मी.

अपील म्हणजे वाट बघणं. वर्ष गेलं. सरांना वाळवंटातल्या एका तुरुंगात हलवलं, गाडीने अर्धा दिवस. ताईंना दिवसाआड सुई, एवढा प्रवास जमणार कसा? त्यांची भेट फक्त फोनवर. दोघं काय बोलायची? सर विचारायचे, जेवलीस का. ताई म्हणायच्या, जेवले. दोघांनाही ठाऊक होतं की नाही जेवल्या. रविवारची बाराखडी बंद पडली होती. आमच्या मराठी मंडळातले एक गृहस्थ माझ्याच घरात पाटावर बसून म्हणाले की कायदा मोडला तर भोगायला हवं, आपण सगळे रांगेत उभे राहून आलो ना? मी त्यांना पुढची पुरणपोळी वाढली नाही. मागितली तरी वाढली नाही.

तिघे न्यायाधीश सुनावणीला फिनिक्सला आले. अपिलात आरोपीला बोलावत नाहीत, सर तिकडेच. ताईंना मी आणि मीनलने व्हीलचेअरवर नेलं, जरीकाठाची साडी नेसल्या होत्या, दंडावरच्या पट्ट्या पदराखाली. कॅरन उभी राहिली आणि तिने खरंच सांगितलं, त्या माणसांच्या रीतीत पहिला नकार हा नकार नसतो. मधल्या न्यायाधीशबाई वयस्कर, चेहऱ्याने माझ्या आत्यासारख्या. त्यांनी पुढे वाकून कुतूहलाने विचारलं, मग विचारणाऱ्याने थांबायचं कधी? कोर्टात हसू पिकलं. मागे कुणी शिकाऊ वकील बसले होते, ते हसले. कॅरनही कसंनुसं हसली. सरकारतर्फे एक तरुण वकील उठला आणि म्हणाला, महोदया, रीत मान्य केली तरी त्यांना तीनदा विचारलं गेलंच होतं. वेळ हवा का, अर्ज करायचा का, अपील करायचं का. त्यावर कॅरन म्हणाली की त्या तीन वेगळ्या गोष्टी होत्या, प्रत्येक एकेकदाच विचारली. न्यायाधीशबाईंनी घड्याळाकडे बघितलं, दोघांचे आभार मानले आणि पुढचं प्रकरण पुकारलं. ताईंची खुर्ची दाराबाहेर ढकलताना मीनल म्हणाली, "दे आर नॉट इव्हन मॅड ॲट हिम." खरं होतं. राग असता तर आपण रागाशी भांडलो असतो. तिथे सगळे किती सभ्य होते!

निकाल आला तो दोन-तीन पानांचा. कॅरनने फोनवर वाचून दाखवला. अपील करणारा पदवीधर आहे, अनेक वर्षं इंग्रजीचा शिक्षक होता, त्याची उत्तरं स्पष्ट आणि नेमकी आहेत, तेव्हा त्याने हक्क समजून-उमजून सोडले. म्हणजे त्यांच्या इंग्रजीची तारीफ करून अपील फेटाळलं. इंग्रजी मोडकं असतं तर सुटले असते का? मी कॅरनला विचारलं. ती म्हणाली, कदाचित. मग फोनवर कॅरन रडली. मी नाही रडले.

निकालानंतर तिसऱ्या दिवशी मी त्यांना सेंटरला न्यायला गेले तर त्या स्वयंपाकघरात खुर्चीवर बसलेल्या, चपला घातल्या नव्हत्या. म्हणाल्या, आज त्यांचा फोन येणार आहे, तू थांब. मीनल कॉलेजच्या पहिल्या वर्षात होती, तिलाही घरी ठेवलं होतं. फोन आला. ताईंना रिसीव्हर धरवत नसे, म्हणून तो स्पीकरवर लावायचो.

"मी आता डायलिसिस बंद करते," ताई म्हणाल्या. "तुमच्यासाठी ओढत होते. आता नाही ओढवत."

"नाही," सर म्हणाले.

"हाताला सुई टोचायला जागा उरली नाही हो."

"नाही, निर्मला. नाही. मी येतो ना, काही महिने राहिले. तू बंद करू नको. मी नाही म्हणतो आहे, ऐकतेस का? मी नाही म्हणतो आहे."

त्यांचा आवाज चढलेला मी कधी ऐकला नव्हता. ते वऱ्हाडीत काहीबाही बोलू लागले, विनवायला लागले, मुलीला हाक मारायला लागले, मीने, आईला घेऊन जा वं, घेऊन जा. मीनल सिंकपाशी पाठ करून उभी होती. ताई डोळे मिटून ऐकत होत्या. मग ठरलेली मिनिटं संपली तशी रेकॉर्ड केलेली बाई मधेच बोलली आणि लाइन गेली. ताईंनी मला सांगितलं, सेंटरला कळव, आजपासून येत नाही म्हणून. मी त्यांच्या पाया पडले, हात जोडले, शिव्यासुद्धा दिल्या. त्या म्हणाल्या, मी नर्स आहे गं, मला कळतं कधी थांबायचं ते.

दहा दिवससुद्धा लागले नाहीत. सरांनी अंत्यविधीला यायची परवानगी मागितली होती, ती मिळाली नाही. इथल्या विद्युतदाहिनीत बटण दाबायचं असतं. ते मीनलने दाबलं. मग ती माझ्या घरी आली आणि सोफ्यावर बूट न काढता झोपली. मी तिला पांघरूण घातलं.

पुढचं आधीच सांगून टाकते. शिक्षा संपल्यावर सरांना पुन्हा अमरावतीला धाडलं. मी दोनदा फोन केला, भावाने घेतला. बरे आहेत म्हणाला, पण कुणाशी बोलत नाहीत. मीनलच्या कॉलेजला सुट्टी लागली की ती जाते. ती तिकडे मराठी बोलते म्हणे.

पण मी त्यांना शेवटचं पाहिलं ते तुरुंगात, ताई गेल्यानंतर महिन्याभराने. मी आणि मीनल पहाटे निघून गेलो होतो. भेटीचा हॉल मोठा, जमिनीत ठोकून बसवलेली टेबलं, भिंतीला लागून चिप्सची मशीन, मेक्सिकन बायका-पोरांचा कल्ला. सर आले. वरचं बटण लावलेलं, पण शर्ट दोन मापं मोठा वाटत होता. मीनलला त्यांनी जवळ घेतलं, मग समोर बसले आणि मला म्हणाले, सांगा. मी सांगितलं. शेवटच्या दिवशी काय नेसवलं, काय बोलल्या, दुखत होतं का. दुखत नव्हतं असं मी म्हटलं, ते खरंही होतं. कुणी डोकं मांडीवर घेतलं होतं का, असं त्यांनी विचारलं. मी म्हटलं, मीनलने. त्यांनी मीनलच्या मांडीकडे बघितलं, तिची जीन्स, गुडघ्यावर फाटलेली. मीनल मशीनमधून कॉफी घेऊन आली, ती तशीच निवली.

वेळ संपल्याचं भोंग्यावर सांगितलं. सगळी टेबलं हलली. कैदी उठले, पोरांना उचलून मुके घेऊन भिंतीपाशी रांग लावू लागले. सर उठले नाहीत. मी म्हटलं, सर, वेळ झाली. गार्ड जवळ आला, बरा माणूस होता, हळू आवाजात म्हणाला, मिस्टर गावंडे, चला. सर बसून राहिले. समोर बघत होते, पण माझ्याकडे नाही. गार्डने पुन्हा सांगितलं, मग जरा दरडावून सांगितलं, मग कंबरेच्या रेडिओवर काहीतरी बोलला. आम्हाला बाहेर जायला सांगितलं. दाराला काच होती. मीनल तिथे थांबली, म्हणून मीही थांबले. आत रांगेतले सगळे कैदी वळून त्यांच्याकडे बघत होते. आणखी दोन गार्ड आले आणि त्यांनी दोन्ही बाजूंनी सरांना काखेत धरून उचललं. सरांनी दोन्ही हातांनी टेबलाची कड धरून ठेवली होती. गार्ड एकेक बोट सोडवत होते.